मयसभेचा कारागीर

दिवाळी आली की आमच्या विंचूरच्या अंगणांतून किल्ले उभे राहतात. माती, विटा, अळिवाची शेते, आरशाच्या तुकड्याचे तळे! वडील मंडळी हसतात खरी. पण असाच खेळ आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका गृहस्थाने आयुष्यभर मांडला होता.

त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण झाले. पुढे छायाचित्रण झाले, छपाईचा धंदाही झाला. एके दिवशी मुंबईत त्यांनी येशूच्या चरित्राचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले. त्या ध्यासापायी विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आला. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. इतकेच नव्हे, तर फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सारे काम त्या शिकल्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला!

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलविले. मग येथे पुराणांतली नगरे उठू लागली. १९१७ च्या 'लंकादहना'त लंका पेटली. राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांनी केल्या! १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्मा'त कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन तरंगले. तीच फिल्म कॅमेऱ्यातून पुन्हा फिरवली की असे चमत्कार साधत. 'कालियामर्दना'तला बाळकृष्ण तर त्यांचीच कन्या मंदाकिनी.

त्याआधी तिकडे फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी अशीच मायानगरी रचली होती. अखेरीस त्यांना स्टेशनवर खेळणी विकावी लागली. फाळक्यांचेही दिवस फिरले. बोलपट आला, मूकपटांची मागणी संपली. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांनी देह ठेवला. त्यांचे बहुतेक मूकपट आज नाहीसे झाले आहेत. 'कालियामर्दन' मात्र बरेचसे उरले आहे.

वाचकहो, यंदा घरच्या पोराने चिखलाने अंगण भरविले, तर त्याला रागावू नका. शेजारी बसा, आणि या कारागिराची गोष्ट त्याला सांगा. सरस्वतीबाईंची तर आधी सांगा!