जीवाणू म्हातारे होतात का? वार्धक्याच्या उत्क्रांतीचा एक इतिहास

चंदीगडच्या वेशीवर मुल्लानपूर आहे. आता त्या भागाला न्यू चंदीगड म्हणतात. २४ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे ३०० खाटांच्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने ते उभारले असून खर्च ६६० कोटी रुपयांहून अधिक झाला. अशा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अर्धा तास बसलात, तर रांगेत पन्नाशी-साठी ओलांडलेले लोक जास्त दिसतील. मुलांनाही कर्करोग होतो, पण वय वाढते तसा धोका झपाट्याने वाढतो. असे कसे होते, हे सांगताना डॉक्टर पेशींमध्ये वर्षानुवर्षे साठत जाणाऱ्या उत्परिवर्तनांकडे बोट दाखवतील. या टिपणात आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. दुरुस्तीची इतकी यंत्रणा घडवणाऱ्या नैसर्गिक निवडीने ती यंत्रणा उतारवयात ढिली का पडू दिली? ‘कसे’ आणि ‘का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. परीक्षेत बहुतेक विद्यार्थी पहिल्याचे उत्तर दुसऱ्याखाली लिहितात.

‘का’चे पहिले गाजलेले उत्तर जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी १८८१च्या व्याख्यानात दिले. झिजलेले प्राणी धडधाकट प्राण्यांची जागा अडवतात, म्हणून त्यांचे मरणे जातीच्या हिताचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे उत्तर आजही पुष्कळांच्या तोंडी असते. त्यात एक साधी गफलत आहे. म्हातारे झिजलेले असतात हे आधीच धरले आहे, आणि सिद्ध करायचे होते तेच. वाइसमान यांचे दुसरे विधान मात्र पुढे फार उपयोगी पडले. एकपेशीय जीव विभागून दोन होतात, मागे प्रेत उरत नाही, म्हणून ते अमर आहेत, असे ते म्हणाले. हे विधान लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडेच परत यायचे आहे.

पुढचा धागा हाल्डेन यांचा. १९५७ साली ते भारतात आले, येथेच स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९४१ च्या एका पुस्तकात त्यांनी हंटिंग्टन रोगाकडे लक्ष वेधले होते. या रोगाचे जनुक प्रभावी आणि घातक असूनही वंशातून नाहीसे होत नाही, कारण लक्षणे बहुधा चाळिशीच्या आसपास दिसतात. तोवर मुले जन्मलेली असतात आणि जनुक पुढच्या पिढीत गेलेले असते. निवडीचा हात तेथवर पोहोचत नाही.

पीटर मेडावार यांनी १९५१ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या आणि १९५२ मध्ये छापलेल्या व्याख्यानात हा विचार सर्वसाधारण करून मांडला. त्यांचे उदाहरण प्रयोगशाळेतील परीक्षानळ्यांचे आहे. आकडे आपण आपले घेऊ. समजा १००० नळ्या आहेत, त्या अजिबात झिजत नाहीत, पण हातातून निसटून दरवर्षी निम्म्या फुटतात. पाच वर्षांनी ३१ उरतील, दहा वर्षांनी जेमतेम एक. आता एखादा दोष अकराव्या वर्षी उघडा पडणारा असेल, तर तो जवळजवळ कोणालाच भोवणार नाही. म्हणजे वार्धक्य मुळीच नसलेल्या जगातही उशिरा उमटणारे दोष निवडीच्या नजरेतून सुटतात, साठतात आणि त्यातूनच वार्धक्य सुरू होते. जातीच्या हिताची गरजच उरत नाही.

१९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी याला जोड दिली. एकच जनुक तारुण्यात लाभाचे आणि म्हातारपणी तोट्याचे असू शकते, आणि तारुण्यातला लाभ निवडीत जड भरतो. १९७७ मध्ये टॉम कर्कवुड यांनी हिशेब ऊर्जेच्या भाषेत मांडला. शरीराच्या दुरुस्तीला लागणारी ऊर्जा प्रजननातून वळवावी लागते, त्यामुळे पूर्ण दुरुस्ती परवडत नाही.

हे सारे तपासायचे कसे? १९८०च्या दशकात मायकेल रोझ यांनी फळमाशांच्या काही समूहांत फक्त उशिरा घातलेली अंडी पुढच्या पिढीसाठी निवडली. काही पिढ्यांत माशांचे आयुष्य वाढले आणि तरुणपणी अंडी घालणे कमी झाले. भारतात याच परंपरेतले काम बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेत झाले. तेथे लवकर वाढ आणि लवकर प्रजनन यांसाठी निवडलेल्या माशा आकाराने लहान झाल्या आणि त्यांच्या अळ्या जगण्याचे प्रमाण घटले. घाईची किंमत अशी मोजावी लागते. तेथे पीएच.डी. केलेले एन. जी. प्रसाद पुढे मोहालीच्या आयसरमध्ये आले आणि फळमाशांच्या उत्क्रांतीवर प्रयोग करू लागले. मुल्लानपूरचे रुग्णालय आणि ही प्रयोगशाळा एकाच जिल्ह्यात आहेत. एकीकडे वार्धक्याचे परिणाम तपासले जातात, दुसरीकडे त्याचे मूळ.

आता पुण्याकडे वळू. २००३ मध्ये कॉलोबॅक्टर या जीवाणूची देठवाली पेशी वयानुसार कमी पिल्लपेशी देते, असे दिसले होते. पण तिच्या दोन पिल्लपेशी मुळातच वेगळ्या दिसतात. खरा धक्का २००५ मध्ये बसला. एरिक स्ट्यूअर्ट आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या ९४ वसाहतींतील सुमारे ३५,००० पेशींचा माग काढला. ई. कोलायची कांडी मधोमध तुटते तेव्हा तुटलेल्या जागी प्रत्येक तुकड्याला एक नवे टोक मिळते, दुसरे टोक जुनेच राहते. वहीत काढून पाहा: तीन विभाजनांनंतर आठ पेशी आणि सोळा टोके होतील, आणि मूळची दोन टोके फक्त दोन पेशींकडे असतील. स्ट्यूअर्ट यांना आढळले की जुनी टोके वाहणाऱ्या पेशी थोड्या हळू वाढतात. वाइसमान यांच्या अमर पेशीलाही वय असते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

तेव्हा पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात असलेले मिलिंद वाटवे आणि तीन सहलेखक यांनी पुढचा प्रश्न विचारला. जीवाणू म्हातारे होतात हे मान्य केले, तरी त्यांना म्हातारे व्हावेच लागते का? त्यांनी वयानुसार गट पाडलेल्या पेशींचे गणिती प्रारूप बांधले. जुने, खराब झालेले घटक एका पिल्लपेशीकडे ढकलले तर ती म्हातारी होते, पण दुसरी कोरी राहते. घटक सारखे वाटून दुरुस्त करत राहिले तर कोणीच म्हातारे होत नाही, मात्र दुरुस्तीचा खर्च येतो. पहिला मार्ग वाढीच्या वेगाला अनुकूल ठरतो. अन्न तुटपुंजे असून त्यातून जास्तीत जास्त पेशी तयार करणे महत्त्वाचे असते, तेथे दुसरा मार्ग सरस ठरतो. हा शोधनिबंध २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये आला. वार्धक्य ही जीवाणूंसाठी अटळ परिणती नसून परिस्थितीनुसार केलेली निवड असू शकते, असा दावा शीर्षकातच होता. ‘निवड’ या शब्दाने घोटाळा करून घेऊ नका, जीवाणू काही ठरवत नाही. हा निबंध मी वर्गात आवर्जून सांगतो. महागडे यंत्र नसलेल्या महाविद्यालयातही मूलभूत प्रश्न हाताळता येतो. कागद, संगणक आणि नीट विचारलेला प्रश्न एवढे तेथे पुरले.

प्रारूपाची मर्यादाही ओळखा. ते काय घडू शकते हे सांगते, काय घडते ते प्रयोगच सांगतो. २०१० मध्ये हार्वर्डच्या गटाने सूक्ष्म नळ्यांत ई. कोलायची जुन्या टोकाची पेशी अडकवून ठेवली आणि ताजे अन्न सतत वाहते ठेवले. त्या पेशी शेकडो पिढ्या एकाच वेगाने वाढत राहिल्या. मात्र जुन्या झालेल्या पेशींमध्ये मरण्याचे प्रमाण वाढत गेले. २००५ च्या वसाहतींत पेशी मंदावल्या होत्या, येथे मंदावल्या नाहीत, तरी जास्त मरू लागल्या. म्हणून जीवाणूच्या ‘वयाबद्दल’ बोलताना आधी सांगावे लागते: वाढीचा वेग मोजला की मृत्यू, आणि पेशी कोणत्या परिस्थितीत होती.