घोळक्यात तुमचीही एक सायकल

१४ जुलै १९९९. सेस्त्रिएरहून टूर द फ्रान्सचा दहावा टप्पा सुटलाय आणि तुम्ही घोळक्याच्या मधोमध आहात. पुढच्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर. शेवटी आल्प द्युएझचा वळणावळणांचा घाट चढायचाय, म्हणून मंडळींनी आपसांत ठरवलंय की सुरुवातीचे शंभर किलोमीटर सावकाश जायचं. हे ठरलेलं एकाच्या कानावर मात्र मुद्दाम घातलेलं नाही.

तो समोर दिसतोय. ख्रिस्तोफ बासों, वय २५. स्पर्धा चालू असतानाच तो ‘ल पारिझियाँ’ या वर्तमानपत्रात सदर लिहितोय. ईपीओ या उत्तेजकाशिवाय वरच्या जागा मिळत नाहीत हे तो उघड बोलतो, आणि पिवळ्या जर्सीतल्या लान्स आर्मस्ट्राँगच्या कालच्या वेगानं घोळका अवाक झाला, असंही म्हणतो. तुम्हीही अवाक झाला होतात. रात्री जेवताना त्याबद्दल अक्षर काढलं नाहीत.

तरीही बासोंला ठरलेलं कळलंय आणि म्हणूनच तो एकटा पुढे निघतो. आर्मस्ट्राँगचे सहकारी लगेच वेग वाढवतात आणि त्याला गाठतात. मग खुद्द आर्मस्ट्राँग त्याच्या बाजूला येतो, खांद्याला धरतो. पुढे बासोंनंच हा प्रसंग अनेकदा सांगितला: असं बोलणं चूक आहे, तू हे का करतोस, असं त्याला विचारलं गेलं. येणाऱ्या पिढीच्या सायकलपटूंसाठी, असं तो म्हणाला. त्यावर उत्तर आलं, मग तू निघून का जात नाहीस?

तुम्ही दोन चाकं मागे आहात. सगळं ऐकू आलंय. तुम्ही बाटली काढता, पाणी पिता, बाटली परत अडकवता. शेजारचाही तेच करतो.

स्वतःवर लगेच चिडू नका. आधी एक वर्ष मागे चला, म्हणजे गप्प बसायची सवय कशी लागली ते दिसेल.

८ जुलै १९९८. फ्रान्स-बेल्जियम सरहद्दीवरच्या आडरस्त्यावर फेस्टिना संघाची गाडी अडवली जाते. चालवणारा विली वूट, संघातल्या खेळाडूंना मालिश करणारा माणूस. गाडीत ईपीओ, वाढीचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, सगळं मिळून चारशेहून जास्त नग. ईपीओ शरीरातही तयार होतं; मूत्रपिंडं ते बनवतात आणि त्याच्यामुळे तांबड्या पेशी वाढतात. टोचून घेतलं की रक्त प्राणवायूनं भरतं आणि घाट सपाट वाटू लागतो. पण रक्त दाटही होतं, हृदयाला ते पेलेनासं होऊ शकतं. त्या काळात लघवीत ते ओळखणारी चाचणीच नव्हती. म्हणून १९९७ पासून सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं तांबड्या पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. माझ्या मते त्या नियमानं जितकं वाचवलं तितकंच बिघडवलं, कारण ४९ पर्यंत जायला जणू परवानगीच मिळाली. तुमच्याही हॉटेलच्या खोलीत रक्त फिरवून मोजणारं छोटं यंत्र आहे. आकडा चढला तर सलाईन लावून रक्त पातळ करायचं, हेही तुम्हाला शिकवलेलं आहे.

बासों तेव्हा फेस्टिनातच होता. ईपीओ घेतलंस तर पगार कित्येक पट, असं सांगूनही तो बधला नाही. पोलिसांपुढे त्याच्या सहकाऱ्यांनीच कबूल केलं की तो घेत नाही.

२९ जुलै १९९८. तुम्ही आता डांबरी रस्त्यावर बसलेले आहात, अख्ख्या घोळक्यासह. आदल्या रात्री पोलिसांनी एका संघाच्या खेळाडूंना नेऊन रक्त, लघवी, केसांचे नमुने घेतले, त्याचा हा निषेध. पाठीवरचे नंबर फाडले जातात, तीन संघ घरी जातात, टप्पा रद्द होतो. आजूबाजूच्यांचा राग खरा आहे, काहींच्या डोळ्यांत पाणी आहे. पण राग आहे तो झडतीवर. ज्या पदार्थानं आपलं रक्त घट्ट होतंय त्याच्याविरुद्ध या लोकांनी कधी रस्ता अडवला नव्हता. मला तरी हा दिवस त्या गाडीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

परत १९९९ मध्ये या. १६ जुलैच्या पहाटे बासों बॅग भरून टूर सोडतो. दोन वर्षांनी व्यावसायिक सायकलिंगही सोडतो. आर्मस्ट्राँग पॅरिसला पिवळ्या जर्सीत पोहोचतो आणि पुढची सहा वर्षंही जिंकतो. त्याच १९९९ च्या गोठवलेल्या लघवीत ईपीओ होतं हे ऑगस्ट २००५ मध्ये फ्रेंच वर्तमानपत्र ‘लेकीप’नं छापलं. तरीही काही झालं नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सातही विजेतेपदं गेली, ती अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या अहवालामुळे, आणि त्या अहवालाचा कणा होता अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षी. बाटलीतलं पाणी पीत गप्प राहिलेली माणसं अखेर बोलली. तेरा वर्षांनी. २०१३ च्या डिसेंबरात आर्मस्ट्राँग पॅरिसमध्ये बासोंला भेटला आणि माफी मागितली. घोळक्यातल्या बाकीच्यांचं काय? तुमचं?

पुढचा थांबा थोडक्यात. १८ जुलै २०१५, माँदकडे जाणारा टप्पा. रस्त्याकडेचा एक जण सायकलपटू ख्रिस फ्रूमच्या अंगावर पेल्यातली लघवी फेकतो आणि ‘डोपे’, म्हणजे उत्तेजक घेणारा, असं ओरडतो. फ्रूमविरुद्ध काहीही सिद्ध झालेलं नाही. मागच्यांनी केलेलं कर्ज तो अंगावर झेलतोय.

आणि आता १४ जुलै २०२४, पिरेनिजमधला प्लाटो द बेय. सुमारे १६ किलोमीटरचा चढ, जवळपास ८ टक्के. १९९८ मध्ये टूर पहिल्यांदा इथे आली तेव्हा मार्को पांतानी जिंकला होता. आज ताडेई पोगाचार त्याची वेळ तीन मिनिटांहून जास्त फरकानं मोडतो. तुम्ही फार मागे, दमलेल्यांच्या गटात चढताय आणि कानातल्या रेडिओवर ती बातमी येते. कुणी काही बोलत नाही. कारणं तुम्हाला पाठ आहेत: हलक्या, वारा कापणाऱ्या सायकली, चांगले टायर, तासाला शंभर ग्रॅमहून जास्त कर्बोदकं. ती खरीही आहेत. २००८ पासून प्रत्येकाच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारा जैविक पासपोर्ट आहे, म्हणजे १९९८ ची मनमानी आज जमणार नाही. तरी याच टूरमध्ये पत्रकारांनी कार्बन मोनॉक्साइड हुंगण्याचं प्रकरण बाहेर काढलं. काही संघांनी नाकारलं नाही. फक्त रक्ताच्या मोजमापासाठी वापरतो, म्हणाले. वारंवार हुंगण्यावर बंदी आली ती २०२५ च्या फेब्रुवारीत.

आज दुसरा आलेला योनास विंगेगोर गेल्या वर्षी म्हणाला होता की शंका घेणं बरोबरच आहे, नाहीतर जुनंच पुन्हा घडेल. हे पिवळ्या जर्सीतला माणूस बोलला आणि कुणी त्याच्या खांद्याला धरून घरी जा म्हटलं नाही. मला यात खरा बदल दिसतो, कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा.

पण तो विजेता आहे. तुम्ही ज्या गटात आहात तिथे करार संपत आलेले बाविशीतले मदतनीस आहेत. आजचा नमुना नियमाप्रमाणे दहा वर्षं पुन्हा तपासता येतो. पांतानीच्या १९९८ च्या नमुन्यात ईपीओ होतं हे २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून जाहीर झालं, तोवर तो मरून नऊ वर्षं झाली होती. शेजारच्या सायकलवाल्याला मात्र त्याच आठवड्यात कळत असतं. ते सांगणाऱ्या मुलाला पुढच्या मोसमाचा करार मिळेल का? बासोंला जे सोसावं लागलं त्यानंतर या खेळाकडे पहिला हिशेब याचाच मागायला हवा.