मशीद बंदरचे खलाशी-स्मारक आणि विस्मृतीत गेलेली आरमारी मोहीम

मुंबईच्या बोरिवली उपनगरातील एकसर येथे जे वीरगळ, म्हणजे युद्धात पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा, आहेत त्यांपैकी काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते आणि समुद्रावरील झुंज कोरलेली दिसते. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या आरमारी संघर्षाशी या शिल्पांचा संबंध अनेक अभ्यासकांनी जोडला आहे. समुद्रात मेलेल्यांची आठवण दगडात जतन करण्याची रीत या किनाऱ्यावर जुनी आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. मात्र त्या शिळांवर आज वाचता येईल असे एकही नाव नसल्यामुळे वल्ही मारता मारता प्राण गमावलेली माणसे कोण होती, हे इतिहासाला सांगता येत नाही. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, मशीद बंदरच्या गोदी परिसरातील ‘इंडियन सेलर्स होम’ या वास्तूत असलेले स्मारक नेमके याच बाबतीत वेगळे आहे, कारण त्याचा सगळा भर शिल्पावर नसून नावांवर आहे.

दोन सफरींच्या मधल्या काळात खलाशांना राहता यावे, यासाठी असलेल्या या निवासात दोन महायुद्धांतील मृतांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर ब्रिटिश आरमार, रॉयल इंडियन मरीन आणि व्यापारी नौकादल यांतील २,२२३ दर्यावर्दींचा उल्लेख असून समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, अशांसाठी ते आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांची नावे एका नामग्रंथात नोंदवलेली आहेत; त्यात रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरील जवळपास ६,००० भारतीय खलाशी येतात. या ग्रंथाची तशीच दुसरी प्रत आज बांगलादेशात असलेल्या चितगावच्या युद्धस्मशानात आहे. अखंड भारताचे खलाशी प्रामुख्याने मुंबई आणि कलकत्ता या दोन बंदरांतून जहाजांवर चढत आणि त्यांची गावे पश्चिम व पूर्व अशा दोन्ही किनाऱ्यांच्या पाठीशी पसरलेली होती. त्यामुळे एकच यादी आज दोन देशांत विसावली आहे.

या नावांमागचा समाज समजून घेण्यासाठी त्या काळच्या जहाजावरील कामाची विभागणी पाहणे आवश्यक आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवरील भारतीय कामगारांना सरसकट ‘लास्कर’ म्हटले जाई. पण प्रत्यक्षात त्यांच्यात तीन खाती आणि अनेक हुद्दे होते. डेकवरील खलाशांचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखालचा मुकादम तांडेल आणि सुकाणू धरणारा तो सुकाणी. इंजिनाच्या खात्यात भट्टी पेटती ठेवणारे आगवाले, यंत्रांना तेल देणारे तेलवाले आणि कोठारातून कोळसा ओढून आणणारे कोळसेवाले असत, तर स्वयंपाकघर आणि उतारूंची व्यवस्था तिसऱ्या खात्याकडे असे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकच्या कामाला कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावरील माणसे, भट्टीजवळ बहुधा पंजाब व सरहद्द प्रांतातील माणसे आणि बटलर, स्वयंपाकी वा वाढपी म्हणून गोमंतकीय ख्रिस्ती असत. कलकत्त्याहून निघणाऱ्या बोटींवर सिल्हेट, नोआखाली आणि चितगावच्या लोकांचा भरणा असे. गोमंतकीय दर्यावर्दी मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, पुढच्या सफरीची वाट पाहत. सरकारी आरमाराची भरती मात्र दीर्घकाळ रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान कुटुंबांतून होत असे आणि आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत असल्याने दक्षिण कोकणची सारी किनारपट्टी या नोकरीशी जोडलेली होती.

पहिल्या महायुद्धात या माणसांचे मरण बहुतांशी व्यापारी जहाजांवर ओढवले. लंडनहून मुंबईला निघालेली पी. अँड ओ. कंपनीची ‘पर्शिया’ ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने बुडवली, तेव्हा बोटीवरील ५१९ जणांपैकी ३४३ मरण पावले आणि त्यांत भारतीय व गोमंतकीय कर्मचारीही होते. युद्ध मुंबईच्या उंबरठ्यापर्यंतही आले होते. ‘वोल्फ’ या जर्मन नौकेने १९१७ च्या आरंभी मुंबईच्या बाहेर समुद्रात सुरुंग पेरले आणि त्यांतीलच एकावर आदळून त्याच वर्षी २३ जूनला ‘मंगोलिया’ ही बोट बुडाली. त्या युद्धातील बंगाल-आसामकडील ८९६ खलाशांच्या स्मरणार्थ कलकत्त्यात हुगळीच्या काठी उंच स्तंभ उभारला गेला आणि १९२४ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. मुंबईचे स्मारक त्या मानाने भिंतींच्या आत आणि गोदीच्या गजबजाटात राहिले.

दुसऱ्या महायुद्धातील सुमारे ४०० आरमारी नावे ज्या लढायांमुळे या ग्रंथात आली, त्या मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहेत. २ ऑक्टोबर १९३४ रोजी रॉयल इंडियन मरीनचे रूपांतर रॉयल इंडियन नेव्हीत झाले. परंतु १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या आरमाराजवळ मोजकी आठ जहाजे होती आणि त्याचे मनुष्यबळ दोन हजारांच्याही आत होते. त्या ताफ्यात मुख्यतः स्लूप होत्या. स्लूप म्हणजे विनाशिकेहून लहान आणि संथ, पण व्यापारी जहाजांच्या काफिल्याला पाणबुड्यांपासून संरक्षण देण्यासाठी उपयुक्त अशी युद्धनौका. जहाजांची ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारने किनारी वाहतुकीच्या प्रवासी बोटी ताब्यात घेतल्या आणि त्यांच्यावर तोफा व सुरुंग काढण्याची साधने बसवली. ‘रत्नागिरी’, ‘सत्यवती’, ‘प्रभावती’, ‘नेत्रावती’, ‘पार्वती’ अशा घरगुती नावांच्या बोटी अशा रीतीने युद्धनौका झाल्या.

१० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेला मार्ग एकाएकी धोक्यात आला, कारण एरिट्रियातील मसावा बंदरात इटालियन विनाशिका व पाणबुड्यांचा तळ होता आणि सुएझकडे जाणारी सगळी कुमक त्याच्यासमोरूनच न्यावी लागत होती. त्याच महिन्यात ‘पठाण’ ही गस्तीनौका अरबी समुद्रात बुडाली आणि ती या युद्धातील भारतीय आरमाराची पहिली मोठी हानी ठरली. पुढील दहा महिने भारतीय स्लूप एडनच्या परिसरात काफिल्यांना सोबत करीत आणि किनाऱ्यावर नजर ठेवीत राहिल्या. ८ एप्रिल १९४१ रोजी मसावा पडले, तरी खलाशांचे काम संपले नाही. पाण्याखाली दडलेले सुरुंग शोधून मार्ग मोकळा करणे हे जिकिरीचे काम त्यानंतरच सुरू झाले. ३० एप्रिल १९४१ रोजी असाब बंदराजवळ ‘पार्वती’ सुरुंगावर आदळून बुडाली. ज्या विजयाची नोंद पायदळाच्या नावे झाली, त्याची किंमत विजयानंतर तीन आठवड्यांनी एका प्रवासी बोटीवरील माणसांनी मोजली, ही या मोहिमेची ध्यानात ठेवण्यासारखी बाब आहे.

जपान युद्धात उतरताच संकट पूर्वेकडे सरकले. डिसेंबर १९४१ मध्ये लक्षद्वीप बेटांच्या परिसरात ‘प्रभावती’ रात्रीच्या वेळी दोन पडाव ओढून नेत असताना ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरने तिला जपानी पाणबुडी समजून तोफा डागल्या आणि ती बुडाली. आपल्याच पक्षाच्या तोफांनी मारली गेलेली माणसेही युद्धाचेच बळी असतात, हे या घटनेमुळे विसरता येत नाही. १ मार्च १९४२ रोजी अंदमानच्या मॅक्फर्सन सामुद्रधुनीत ‘सोफी मारी’ सुरुंगामुळे नष्ट झाली, तर ६ एप्रिलला आराकानच्या किनाऱ्यावर अक्याबजवळ ‘इंडस’ ही स्लूप जपानी विमानांच्या बाँबवर्षावात बुडाली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ‘बेंगॉल’ या छोट्या नौकेने, तिच्या सोबतच्या ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या साथीने, कितीतरी मोठ्या दोन जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांतील ‘होकोकू मारू’ला जलसमाधी मिळाली.

या साऱ्या संघर्षाची परिणती आराकानच्या किनाऱ्यावर झाली. आराकान म्हणजे आजच्या म्यानमारचा पश्चिम किनारा. डोंगर, दलदल आणि खारफुटी यांमुळे तेथे रस्ते जवळपास नव्हतेच आणि सैन्याची हालचाल ‘चौंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भरती-ओहोटीच्या अरुंद खाड्यांतूनच होऊ शके. मोठी युद्धनौका या पाण्यात शिरू शकत नसल्याने मोटर लाँच, म्हणजे लाकडी बांधणीच्या वेगवान छोट्या नौका, रात्रीच्या वेळी खाड्यांत शिरून जपानी रसदेचे पडाव अडवीत. ज्या काठावर शत्रू लपलेला असे त्या काठाच्या हाकेच्या अंतरावरून आणि जाड चिलखताच्या आधाराविना हे काम करावे लागे. या नौकांच्या ताफ्यांत भारतीय आरमाराच्या तुकड्या होत्या. जानेवारी १९४५ मध्ये मायेबोन, रामरी आणि कांगाव येथे सैन्य उतरवले गेले, तेव्हा ‘नर्मदा’ आणि ‘जमुना’ या स्लूप मायेबोन व कांगावच्या आघाडीवर खाडीच्या आत जाऊन तोफांचा मारा करीत होत्या. कांगावची लढाई ब्रह्मदेशाच्या युद्धातील अत्यंत निकराच्या लढायांपैकी एक गणली जाते. पण तिच्या वर्णनांत कमांडो आणि पायदळ यांचाच विस्तार आढळतो आणि त्यांना तेथवर नेणाऱ्या व अन्न, पाणी, दारूगोळा पुरवणाऱ्या खलाशांना एखादे वाक्य मिळते.

व्यापारी जहाजांवरील ६,००० मृतांची कथा याहूनही अंधारात आहे, कारण ते सैनिक नसताना सैनिकाचे मरण मेले. पाणतीर बहुधा जहाजाच्या पाण्याखालील भागावर आदळे आणि तेथेच भट्टीजवळ आगवाले व कोळसेवाले काम करीत असल्याने डेकपर्यंत पोहोचण्याची संधी त्यांना क्वचितच मिळे. जे बचावनौकेत चढत त्यांतील अनेकजण उत्तर अटलांटिकच्या थंडीत गारठून मरत. त्यांचे वेतन त्याच जहाजावरील ब्रिटिश खलाशांच्या वेतनाहून पुष्कळच कमी होते आणि त्यामुळे १९३९ च्या शरद ऋतूत ब्रिटिश बंदरांतील भारतीय खलाशांनी संप करून वेतनवाढ मिळवली. जोखीम समान असताना मोबदला असमान होता, ही वस्तुस्थिती स्मारकासमोर उभे राहणाऱ्याने लक्षात ठेवली पाहिजे.

एवढ्या मोठ्या बलिदानाची आठवण का पुसली गेली, याचे उत्तर १९४५ नंतरच्या दोन वर्षांत सापडते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या प्रशिक्षण केंद्रातून आरमारी उठाव सुरू झाला, तो अनेक नौकांवर व तळांवर पसरला आणि भारतीय नाविकांच्या आठवणीत तोच प्रसंग अग्रभागी राहिला. पाठोपाठ झालेल्या फाळणीने आरमार आणि त्याचे मनुष्यबळ दोन राष्ट्रांत विभागले. स्वतंत्र भारताच्या दृष्टीने महायुद्धातील मृत हे परक्या साम्राज्याच्या सेवेत गेले होते, तर साम्राज्याच्या इतिहासात ते दुय्यम होते. १९७१ च्या युद्धात बुडालेल्या ‘खुकरी’वरील १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांचे स्मारक दीव येथे आदराने जपले जाते आणि तसे ते जपले जाणे योग्यच आहे; परंतु त्यांच्या आधीच्या पिढीच्या वाट्याला त्या आदराचा अंशही आला नाही. वास्तविक ज्या नाविकांनी १९४६ मध्ये उठाव केला त्यांच्यातील कितीतरी जण आराकान आणि तांबड्या समुद्राच्या अनुभवातूनच घडले होते, त्यामुळे उठावाचा गौरव करायचा आणि युद्धातील मृतांना विसरायचे, ही भूमिका इतिहासाला धरून नाही.

साम्राज्याच्या धोरणाचे समर्थन आणि त्या धोरणापायी मेलेल्या माणसांचे स्मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या घरी प्रेत आले नाही, ज्यांचा दफनविधी वा अंत्यसंस्कार झाला नाही, त्यांच्या बाबतीत कोरलेले नाव हीच एकमेव कबर असते आणि ती वाचली गेली नाही तर असून नसल्यासारखी होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि गोवा येथील स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मशीद बंदरच्या या नोंदी गाववार तपासाव्यात, जुन्या कुटुंबांतील कागदपत्रे आणि तोंडी आठवणी त्यांच्याशी पडताळून पाहाव्यात आणि आपापल्या तालुक्याच्या इतिहासात ही नावे सन्मानाने नोंदवावीत. किनाऱ्याच्या इतिहासात किल्ले आणि सरदार यांना जे स्थान आहे तेच या खलाशांनाही मिळाले पाहिजे, कारण ज्या समुद्रावर तो इतिहास घडला त्याच समुद्रात त्यांनी प्राण ठेवला आहे.