डोंगर एकाचे, माणसे दुसऱ्याची : संगणकीय निसर्गचित्रात माणूस कसा आला?

#थ्रेड #इतिहास #कलेचा_इतिहास

१/ माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ‘संत अँथनीचे प्रलोभन’ हे सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील चित्र आहे. त्यातील पाणी, खडक आणि दूरवर निळसर होत जाणारे क्षितिज योआखिम पातिनीर याने रंगवले, तर पुढील माणसे क्वेंटिन मासाइस याने. दोघेही अँटवर्पचे. फळी एक, हात दोन. या श्रमविभागणीचा इतिहास पुढे थेट संगणकाच्या पडद्यापर्यंत येतो.

२/ पातिनीर हा काही अपवाद नव्हता. सतराव्या शतकातील डच चित्रकार याकोब फान राउस्डाल याच्या काही निसर्गचित्रांत माणसे व जनावरे आद्रियान फान द फेल्डसारख्या दुसऱ्या चित्रकारांनी घातली. क्लोद लोरें याच्याविषयी तर अशी आख्यायिका आहे की, आपण निसर्ग विकतो आणि माणसे फुकट देतो, असे तो गमतीने म्हणे. निसर्गचित्रातील अशा दुय्यम आकृत्यांना युरोपीय कलेच्या इतिहासात ‘स्टाफाज’ अशी संज्ञा आहे.

३/ दुय्यम असूनही त्या आकृत्यांची गरज होती. मनुष्य नसलेल्या चित्रात समोरचा कडा वीस फुटांचा की दोनशे फुटांचा, हे डोळ्याला कळत नाही. पायथ्याशी एक काठीधारी वाटसरू उभा केला की क्षणात माप मिळते. माणूस ही निसर्गचित्रातील मोजपट्टी होय. पुढे येणाऱ्या साऱ्या तांत्रिक अडचणींचे मूळ याच साध्या गोष्टीत आहे.

४/ मग माणसाला हव्या त्या ढबीत उभे कसे करायचे? जिवंत माणूस तासन्‌तास स्थिर राहत नाही. फ्लॉरेन्सचा फ्रा बार्तोलोमेओ (१४७२–१५१७) याने सांधे हलवता येतील असा माणसाएवढा लाकडी पुतळा करवून घेतला होता, अशी नोंद वसारी याने केली आहे. सतराव्या शतकात निकोला पुसँ मेणाच्या लहान आकृत्या एका पेटीत मांडून त्यांवर प्रकाश कसा पडतो ते पाहत असे. ढब आधी ठरवायची, दृश्यात नंतर आणायची, ही रीत तेव्हाच रुळलेली होती.

५/ या रीतीचे एक उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. टिपू सुलतानाविरुद्धचा १७९० चा तह पेशव्यांच्या दरबारात झाला. सर चार्ल्स मॅलेट तेव्हा पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्या दरबाराचे प्रसिद्ध तैलचित्र थॉमस डॅनिएल याने १८०५ मध्ये पुरे केले, तेही इंग्लंडमध्ये. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

६/ मात्र डॅनिएल त्या दरबाराचा साक्षीदार नव्हता. चित्रातील व्यक्तींची पूर्वरेखाटने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. तो मुंबईत आला १७९१ मध्ये, म्हणजे तहानंतर, आणि १७९५ मध्ये वारला. एकाने स्वतंत्रपणे टिपलेल्या आकृत्या दुसऱ्याने दहा वर्षांनी हजारो मैलांवर एका दृश्यात बसवल्या. तरीही आज आपण त्या चित्राकडे पेशवे दरबाराचे ‘दर्शन’ म्हणून पाहतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

७/ आता संगणकाकडे. १९७५ मध्ये बेनुआ मांडेलब्रॉ याने ‘फ्रॅक्टल’ हा शब्द रूढ केला. डोंगराचा लहानसा तुकडाही अख्ख्या डोंगरासारखाच खडबडीत दिसतो, हा त्यामागचा एक विचार. १९८० मध्ये लॉरेन कार्पेंटर याने ‘व्हॉल लिब्र’ या छोट्या चित्रफितीत गणिताने घडवलेल्या पर्वतांवरून विहार घडवला. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात अशाच पर्वतांचा एक ग्रह पडद्यावर अवतरला.

८/ हे तंत्र घरगुती संगणकावर आणणाऱ्यांत ‘ब्राइस’ हे सॉफ्टवेअर अग्रणी ठरले. ते १९९४ मध्ये मॅकिंटॉशसाठी आले. एरिक वेंगर, केन मस्ग्रेव्ह आणि काय क्राउझे ही त्यामागची नावे. अमेरिकेतील युटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यनवरून त्याचे नाव पडले. डोंगर, धुके, पाणी आणि आकाश आता कोणत्याही हौशी माणसाच्या हाती आले. नव्हता तो फक्त माणूस.

९/ माणूस पुढच्याच वर्षी आला, पण दुसऱ्या घरात. १९९५ मध्ये फ्रॅक्टल डिझाइन कंपनीने लॅरी वाइनबर्ग याचे ‘पोझर’ बाजारात आणले. चित्रकारांच्या टेबलावरील लाकडी सांधेदार बाहुलीला संगणकीय पर्याय द्यावा, हा त्याचा हेतू. कोपर वाकवा, मान वळवा, बोटे मिटवा. बाहुली थकत नाही. फ्रा बार्तोलोमेओच्या पुतळ्याचा हा थेट वारस.

१०/ १९९७ मध्ये ब्राइसची मालक मेटाटूल्स आणि पोझरची मालक फ्रॅक्टल डिझाइन यांचे विलीनीकरण होऊन मेटाक्रिएशन्स कंपनी झाली. डोंगर आणि माणसे एका छताखाली आली, पण फार काळ नाही. काही वर्षांतच ती कंपनी या व्यवसायातून बाहेर पडली. ब्राइस कोरेलकडे गेले आणि पोझर क्युरिअस लॅब्जकडे. कलावंतांना दोहोंमधला पूल स्वतःच बांधावा लागला.

११/ अडचण नेमकी कुठे होती? संगणकीय डोंगर बहुधा उंचीच्या नकाशातून घडतो. एक करडे चित्र घ्या. पांढरा ठिपका म्हणजे शिखर, काळा म्हणजे दरी. माणूस असा घडत नाही. नाकाखाली ओठ, हाताआड छाती, बोटांमध्ये फट, हे एका उंचीच्या आकड्यात मावत नाही. त्याला हजारो लहान बहुकोनांचे जाळे लागते, आणि ते जाळे वाकवण्यासाठी आत सांगाडा लागतो.

१२/ पोझरमध्ये हा सांगाडा असे. निसर्ग घडवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याची भाषा कळत नसे. म्हणून मधला दुभाष्या आला : ‘ओबीजे’ फाइल. १९८० च्या दशकात वेव्हफ्रंट या अमेरिकी कंपनीने रूढ केलेले हे स्वरूप अत्यंत साधे आहे. एकेका बिंदूचे तीन आकडे, मग कोणते बिंदू जोडून कोणता पृष्ठभाग होतो त्याची यादी. साध्या मजकुराच्या खिडकीतही ती उघडून वाचता येते.

१३/ पण या साधेपणाची किंमत होती. ओबीजेमध्ये हाडे जात नाहीत. पोझरमध्ये दिलेली ढब निर्यातीच्या क्षणी गोठते. सजीव बाहुली निघते आणि पलीकडे संगमरवरी पुतळा पोहोचतो. निसर्गात उभी केल्यावर लक्षात आले की नजर डावीकडे हवी होती, तर पुन्हा पोझर उघडा, मान वळवा, पुन्हा निर्यात, पुन्हा आयात. एका चित्रासाठी हा फेरा अनेकदा घडे.

१४/ दुसरी अडचण मापाची. पोझरच्या अंतर्गत एककात उभा माणूस एका एककाहूनही कमी भरे, कारण ते एक एकक सुमारे आठ फुटांचे. तोच आकडा दुसऱ्या सॉफ्टवेअरने मीटर म्हणून वाचला, तर प्रौढ पुरुष लहान मुलाएवढा होई. मोजपट्टीच चुकली की डोंगर अवाढव्य दिसू लागे. चित्रकाराला मग अंदाजाने आकृती मोठी करावी लागे.

१५/ तिसरी अडचण पृष्ठभागाची. केस आणि पापण्या या बहुधा सपाट पट्ट्या असत. त्यांवरील पारदर्शकतेचा नकाशा निर्यातीत हरवला, की कपाळावर पुठ्ठ्यासारखे तुकडे दिसत. चौथी पायांची : जमीन उंचसखल, तळवे सपाट. एक पाय मातीत रुतलेला, दुसरा अधांतरी. सावली पायाला चिकटली नाही, की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. जुन्या चित्रकारांनाही हीच काळजी घ्यावी लागे.

१६/ यावरचा मोठा उपाय फ्रान्समधून आला. ई-ऑन सॉफ्टवेअर कंपनीच्या ‘व्ह्यू’ या निसर्गनिर्मितीच्या सॉफ्टवेअरने एकविसाव्या शतकाच्या आरंभी पोझरच्या मूळ फाइल थेट वाचण्याची सोय दिली. त्वचा आणि वस्त्रांचे पोत आपोआप सोबत येऊ लागले. पुढील आवृत्त्यांत तर माणसाची ढब व्ह्यूच्या आतच बदलता येऊ लागली. मात्र त्याच संगणकावर पोझरही असणे आवश्यक असे.

१७/ ब्राइसची वाट वेगळी. पोझरसाठी आकृत्या घडवणाऱ्या झायगोट कंपनीतून २००० मध्ये डॅझ ही कंपनी वेगळी झाली. व्हिक्टोरिया आणि मायकल या तिच्या आकृत्या घरोघरच्या चित्रांत दिसू लागल्या. २००४ मध्ये डॅझने कोरेलकडून ब्राइस विकत घेतले आणि आपल्या डॅझ स्टुडिओशी जोडले. माणसे घडवणाराच आता डोंगरांचा मालक झाला होता.

१८/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. पातिनीरची फळी सुमारे ५०० वर्षे टिकली आहे. ब्राइसची नवी आवृत्ती निघून एक तप उलटले. पोझरचे मालक अनेकदा बदलले. २०१९ पासून ते बॉन्डवेअरकडे आहे. व्ह्यूचा विकास थांबल्याची घोषणा २०२४ मध्ये झाली आणि त्याची अखेरची आवृत्ती मोफत खुली करण्यात आली. ज्या स्वरूपात ती दृश्ये साठवली, ते उघडणारी दारे एकेक करून बंद होत आहेत.

१९/ यात एक उपरोध दडला आहे. सर्व काही जपणाऱ्या, सांधे हलते ठेवणाऱ्या फाइल त्या-त्या सॉफ्टवेअरच्या आयुष्याशी बांधल्या गेल्या. हाडे गमावलेली, गोठलेली ओबीजे मात्र आजही जवळजवळ सर्वत्र उघडते. तिच्यात आकार उरतो, पण ढब कशी दिली, माणूस कोठून आणला, माप कशावरून ठरवले, हे उरत नाही. दस्तऐवज टिकतो, त्याची जन्मकथा हरवते. जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकाला हे दुःख ओळखीचे आहे.

२०/ आणि हा प्रश्न केवळ हौशी चित्रांपुरता नाही. किल्ले, बंदरे, मंदिरे, जुनी नगरे यांची संगणकीय पुनर्निर्मिती याच पद्धतीने होते : भूभाग एका स्रोतातून, वास्तू दुसऱ्या, माणसे तयार साठ्यातून. दरवाजाची उंची प्रेक्षक शेजारच्या पहारेकऱ्यावरून ठरवतो. तो पहारेकरी अंदाजाने मोठा केलेला असेल, तर दरवाजाही मनात खोटा ठरतो. पागोटे, अंगरखा, वर्ण, शरीरयष्टी, सारे काही ‘तेव्हा असेच होते’ असे वाचले जाते.

२१/ वेल्स आणि डॅनिएल यांच्या चित्राबाबत आपण निदान विचारू शकतो की कोणती आकृती कोणाची, कारण रेखाटने, तारखा आणि नावे मागे राहिली. संगणकीय चित्रांसाठीही हीच शिस्त असावी, म्हणून २००६ मध्ये ‘लंडन सनद’ तयार झाली आणि २००९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. चित्रातील कोणता भाग पुराव्यावर उभा आहे आणि कोणता तर्कावर, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, आणि निर्णयांची नोंद राहिली पाहिजे, हे तिचे सार.

२२/ म्हणून एखाद्या गडाचे भव्य संगणकीय चित्र पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. जमीन कोणत्या मोजणीवरून घेतली? माणसे कोणत्या साठ्यातून आली, आणि त्यांचा वेश कोणत्या पुराव्यावर ठरला? त्यांची उंची कशाशी ताडून पाहिली? उत्तरे मिळाली तर ते चित्र अभ्यासाचे साधन आहे. न मिळाल्यास चित्र म्हणून त्याचा आनंद जरूर घ्यावा, पण पुरावा म्हणून ते कोणापुढे ठेवू नये.

(समाप्त)