मुंबई परंपरेतील व्यक्तिचित्रण : चित्रशाळेतील कार्यपद्धती व रंगलेपनातील मोकळेपणाचा विकास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आधुनिक कला-इतिहासात व्यक्तिचित्रण या प्रकारास महत्त्वाचे स्थान आहे. सभागृहे, ग्रंथालये, महाविद्यालये व नाट्यगृहे यांच्या भिंतींवर जी तैलचित्रे आजही दिसतात, त्यांपैकी अनेक चित्रांमागे १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची शिक्षणपरंपरा उभी आहे. असे असूनही १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाल्यानंतर या परंपरेकडे 'पाश्चात्त्य वास्तववादाची नक्कल' म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली. व्यक्तिचित्रकार म्हणजे हुबेहूब चेहरा काढून देणारा कारागीर, असा समज त्यातून पसरला.

प्रस्तुत निबंधात या समजाची तपासणी करावयाची आहे. मुंबई परंपरेतील चित्रकारांची चित्रशाळेतील कार्यपद्धती कशी होती, त्यांचे रंगलेपन काटेकोर घोटीवपणाकडून मोकळेपणाकडे कसे गेले आणि या बदलाची कारणे कोणती, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

शिस्तीचा पाया

जे. जे. मधील आरंभीच्या शिक्षणक्रमाचा भर रेखांकनावर होता. विद्यार्थी प्रथम सपाट नमुन्यांवरून, नंतर प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास करीत. पुतळा हलत नाही, त्याला रंग नसतो. त्यामुळे केवळ प्रकाशाने आकार कसा घडतो हे विद्यार्थ्याला कळते. परंतु या अभ्यासाची एक मर्यादाही होती. दिवसचे दिवस एकाच पुतळ्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक छटा दुसरीत घोटून मिसळण्याची सवय लागे, आणि तीच सवय जिवंत माणसाचे चित्र काढताना हातात राही. चेहरा गुळगुळीत होई, परंतु त्यातील चैतन्य हरवे.

या पहिल्या पिढीतही थोर चित्रकार निर्माण झाले. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे काम केले आणि पुढे पारशी समाजातील स्त्री-पुरुषांची शांत, घरगुती वातावरणातील चित्रे काढली. गोव्यातील सांगे येथे जन्मलेले अँटोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना त्यांच्या छायाप्रकाशावरील प्रभुत्वामुळे 'पूर्वेचा रेम्ब्रां' असे म्हटले जाई. आपल्या पत्नीचे त्यांनी केलेले 'फ्लोरा' हे चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सुवर्णपदकास पात्र ठरले. घरातील व्यक्ती मॉडेल म्हणून समोर बसली की चित्रकारावर मागणी करणाऱ्याच्या आवडीनिवडीचे दडपण राहत नाही. म्हणूनच अनेक व्यक्तिचित्रकारांची मोकळी कामे कुटुंबीयांच्या चित्रांत सापडतात.

१९१९ चे वळण

कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत १९१९ साली जे. जे. मध्ये जिवंत मॉडेलवरून मानवाकृतीच्या अभ्यासाचा वर्ग सुरू झाला. व्यक्तिचित्रणाच्या दृष्टीने ही घटना निर्णायक मानावी लागते. जिवंत मॉडेल थकते, मान किंचित झुकते, प्रकाश सरकतो. त्यामुळे चित्रकाराला काय घ्यावे व काय सोडावे याचा निर्णय तत्काळ करावा लागतो. रंगलेपनातील मोकळेपणाचा उगम या निवडीत आहे. हाताच्या वेगाशी त्याचा संबंध दुय्यम होय.

जे. जे. शी एकेचाळीस वर्षे निगडित असलेले रावबहादूर म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मवृत्तात संस्थेचा इतिहास नोंदविला आहे. एखाद्या मराठी चित्रकाराने आपल्या व्यवसायाची इतक्या विस्ताराने नोंद ठेवावी, ही अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय.

चित्रशाळेतील कार्यपद्धती

या परंपरेतील चित्रशाळेची मांडणी साधी पण विचारपूर्वक केलेली असे. उत्तरेकडील खिडकीचा प्रकाश पसंत केला जाई. कारण त्यात थेट ऊन येत नाही व सावल्या दिवसभर फारशा बदलत नाहीत. मॉडेल चौथऱ्यावर बसे, म्हणजे त्याचे डोळे उभ्या चित्रकाराच्या डोळ्यांच्या पातळीला येत. चित्रकार वारंवार मागे जाऊन, डोळे बारीक करून मॉडेल व चित्र एकदम पाही. डोळे बारीक केल्याने बारकावे नाहीसे होतात आणि छाया व प्रकाश यांचे मोठे भाग तेवढे उरतात.

कोळशाने केलेल्या ढोबळ रेखांकनावर प्रथम पातळ रंगाने मोठे भाग मांडले जात. त्यावर क्रमाने दाट रंग येई. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ व वरचा थर जवसाच्या तेलाने युक्त ठेवण्याचा नियम रंगाला पुढे तडे जाऊ नयेत यासाठी असे. भारतीय वर्ण रंगविताना युरोपीय पुस्तकांतील गुलाबी छटा उपयोगी पडत नाहीत. पिवळी माती, भाजलेली तांबूस माती यांच्या जोडीला मध्यछटेत हिरवट-निळसर झाक घ्यावी लागते. गव्हाळ व सावळ्या कातडीवर आकाशाचा प्रकाश तसाच दिसतो. हे ज्ञान येथील चित्रकारांनी प्रत्यक्ष निरीक्षणातून मिळविलेले आहे. 'नक्कल' हा आक्षेप या एका मुद्द्यावरही टिकत नाही.

मोकळेपणासाठी कडांचा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. चेहऱ्याची प्रत्येक कडा सारखीच स्पष्ट ठेवली तर चित्र कापून चिकटविल्यासारखे दिसते. प्रकाशातील कडा तीक्ष्ण व सावलीतील कडा पार्श्वभूमीत विरघळलेली ठेवली, की उरलेले काम पाहणाऱ्याची नजर पूर्ण करते. पॅरिसमध्ये कारोल्यु-द्युराँ यांच्या चित्रशाळेत विद्यार्थ्यांना मध्यछटेपासून थेट रंगाने चेहरा उभारण्यास शिकविले जाई. त्यांचे शिष्य जॉन सिंगर सार्जंट (१८५६–१९२५) यांनी ही पद्धती इंग्लंडमध्ये लोकप्रिय केली. मुंबईतील चित्रकारांपर्यंत तिचे संस्कार छापील चित्रांतून, ब्रिटिश शिक्षकांकडून व परदेशी शिक्षण घेतलेल्या सहकाऱ्यांकडून पोहोचले.

दोन उदाहरणे : हळदणकर व देऊस्कर

सावंतवाडी येथे जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलाशिक्षण संस्था काढली. त्यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. हातात समई घेऊन उभी असलेली ही स्त्री म्हणजे त्यांची कन्या होय. अनेक प्रेक्षक हे चित्र राजा रविवर्मा यांचे समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि हे चित्र १९४० च्या दशकातील आहे. त्याहून लक्षणीय बाब अशी की, हे तैलचित्र नसून जलरंगचित्र आहे. ज्योतीभोवती धरलेल्या बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश कागदाच्या शुभ्रतेचा उपयोग करून साधला आहे. जलरंगात चूक खोडून दुरुस्त करण्यास फारसा वाव नसतो. प्रत्येक फटकारा आधी मनात ठरवावा लागतो व एकदा दिल्यावर तो तसाच ठेवावा लागतो. जलरंगाच्या या शिस्तीत तयार झालेला हात तैलरंगातही रंग घोटत बसत नाही, असे म्हणता येते.

दुसरे उदाहरण गोपाळ दामोदर देऊस्कर (१९११–१९९४) यांचे होय. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे जन्मलेल्या देऊस्करांचे चुलते रामकृष्ण वामन देऊस्कर हे हैदराबाद येथे नावारूपास आलेले चित्रकार होते. जे. जे. मधील शिक्षणानंतर गोपाळ देऊस्कर १९३० च्या दशकात हैदराबाद संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली व १९६८ मध्ये ते खुले झाले. तेथील बालगंधर्वांची पुरुषवेषातील व स्त्रीभूमिकेतील भव्य तैलचित्रे देऊस्करांची आहेत. एकाच व्यक्तीची दोन रूपे शेजारी पाहताना प्रेक्षकाला केवळ साम्य दिसत नाही. नटाने आयुष्यभर केलेले रूपांतर दिसते. व्यक्तिचित्र हे व्यक्तीविषयीचे भाष्य होऊ शकते, याचा हा ठळक पुरावा होय.

मराठवाड्याच्या संदर्भात

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. म्हणजे देऊस्करांना शिष्यवृत्ती देणारी राजसत्ता आणि वडवणी परिसरातून शेतसारा गोळा करणारी राजसत्ता एकच होती. येथील रयतेच्या वाट्याला मात्र चित्रकलेचे शिक्षण आले नाही. आज या भागातील विद्यार्थ्यांचा कलेशी पहिला परिचय शासकीय रेखाकला परीक्षांतून होतो. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती यांना स्थान आहे. समोर बसलेल्या माणसाच्या अभ्यासाला नाही. पुढे ज्यांना व्यक्तिचित्रण करावयाचे असते ते बहुधा छायाचित्रावर चौकटी आखून चेहरा मोठा करतात. छायाचित्रात निवड आधीच कॅमेऱ्याने केलेली असते. विद्यार्थ्याकडे उरतो तो केवळ घोटीवपणा. शंभर वर्षांपूर्वी प्लास्टरच्या पुतळ्यासमोर जे घडत होते, तेच आज मोबाईलच्या पडद्यासमोर घडत आहे.

वस्तुतः मॉडेलची येथे उणीव नाही. ऊसतोडीला जाऊन आलेल्या मजुराचा उन्हात रापलेला चेहरा, फेट्याच्या सावलीतील डोळे, आजीच्या कपाळावरचे गोंदण हे विषय प्रत्येक घरात आहेत. या परंपरेत दीर्घकाळ चित्र निघत आले ते संस्थानिकांचे, न्यायाधीशांचे व देणगीदारांचे. श्रमिकाने दोन तास बसावे आणि कुणीतरी त्याच्याकडे तितका वेळ लक्षपूर्वक पाहावे, ही कृती कलाशिक्षणाइतकीच सामाजिक अर्थाचीही आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मुंबई परंपरेतील मोकळे रंगलेपन हे रेखांकनाची शिस्त टाकून आलेले नसून त्या शिस्तीतूनच विकसित झाले. दुसरा, १९१९ नंतरचा जिवंत मॉडेलचा अभ्यास, जलरंगाचा सराव व परदेशातील थेट रंगपद्धतीचा परिचय ही या विकासाची प्रमुख कारणे होत. तिसरा, भारतीय वर्ण व प्रकाश यांच्या निरीक्षणामुळे या चित्रकारांना केवळ अनुकरण करणारे म्हणता येत नाही. वासुदेव कामत यांना २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकाचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळाला, तोही पत्नीच्या चित्रासाठी; ही परंपरा खंडित झालेली नाही याचे ते द्योतक आहे.

तिचा लाभ ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावयाचा असेल तर महागडी साधने आवश्यक नाहीत. उत्तरेची एक खिडकी, कोळसा, कागद आणि समोर बसण्यास तयार असलेला माणूस एवढे पुरेसे आहे. आठवड्यातून एक तास प्रत्यक्ष व्यक्तीवरून रेखांकन करण्याची सोय शाळा-महाविद्यालयांनी केल्यास त्रिंदाद, हळदणकर व देऊस्कर यांचा वारसा केवळ भिंतींवर न राहता नव्या पिढीच्या हातांत उतरेल.