अमेरिकेंतील निवासी विद्यालयें

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा निकाल अद्याप लागावयाचा होता. त्या धामधुमींतच, १७७८ सालीं, सॅम्युएल फिलिप्स या तरुणानें मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर गांवीं एक विद्यालय उघडलें. तीन वर्षांनीं त्याचे चुलते जॉन फिलिप्स यांनीं न्यू हॅम्पशायरमधील एक्झिटर येथें दुसरें स्थापिलें. विद्येस शीलाची जोड नसेल तर ती अनर्थ करते, ही उभयतांची धारणा होती. अँडोव्हरच्या घटनापत्रांत तर विद्यालयाचीं द्वारें सर्व दिशांकडील तरुणांस सारखींच खुलीं राहतील, असें वचन आहे. पुढील सारा इतिहास या वचनाचीच कसोटी पाहणारा ठरला.

जपानचा कायदा मोडून मायदेशाबाहेर पडलेल्या निईजिमा जो या तरुणास १८६५ सालीं अँडोव्हरांत प्रवेश मिळाला. १८७५ सालीं त्यानेंच क्योटो येथें दोशिशा ही शिक्षणसंस्था काढली. परंतु यादवी युद्धानंतर कारखाने व रेल्वे यांवर पोसलेला नवा धनिक वर्ग उदयास आला, आणि त्यास आपल्या मुलांसाठीं इंग्लंडांतल्यासारखीं विद्यालयें हवींशीं वाटूं लागलीं. एंडिकॉट पीबडी या धर्मोपदेशकानें १८८४ सालीं काढलेलें ग्रॉटन विद्यालय याच नमुन्याचें. लक्षाधीशांचीं मुलें तेथें अरुंद कोठड्यांत निजत व थंड पाण्यानें स्नान करीत. फ्रँकलिन रूझवेल्ट १८९६ ते १९०० पर्यंत तेथेंच शिकले. संपत्तीनें मुलें ऐदी होऊं नयेत, त्यांनीं लोकसेवेंत देह झिजवावा, हा पीबडींचा हेतु उदात्त खरा. पण साधेपणाची ही तालीम घेण्यास आधीं श्रीमंत असावें लागे!

१९३० सालीं एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थांनीं एक्झिटरला सुमारें ५८ लक्ष डॉलर दिले. बांकांच्या रांगा जाऊन एका मेजाभोंवतीं शिक्षक व मोजके विद्यार्थी यांनीं बरोबरीनें बसावें, आणि चर्चेंतून विषय उकलावा, ही त्यांची कल्पना. त्या अंडाकृति मेजाशीं कोणासही मागें दडून बसतां येईना.

पण मेजाशीं बसावयाचें कोणीं? एक्झिटरनें मुलींस घेतलें तें १९७० सालीं. अँडोव्हरांत १८२९ पासून शेजारींच चालणारी ॲबट ही मुलींची शाळा १९७३ सालीं विद्यालयांत विलीन झाली. प्रवेश देतांना कुटुंबाची ऐपत पाहावयाची नाहीं, असें अँडोव्हरनें ठरविलें तें २००७ सालीं. वचन लिहिण्यास एक कागद पुरला. तें पाळण्याच्या वाटेवर इतकें येण्यास सव्वादोनशें वर्षें लागलीं.