सरासरीत न मावणारे

'सरासरी' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. इंग्रजीतल्या 'ॲव्हरेज'चे मूळ सागरी व्यापारात आहे: वादळात मालाची हानी झाली की ती सगळ्या व्यापाऱ्यांनी हिश्श्याने वाटून घ्यायची, अशी रीत होती. पहिल्या शब्दात पूर्ण लांबी मोजणे आहे, दुसऱ्यात एकाची झळ सर्वांवर पसरवणे. क्रिकेटमधली सरासरी ही दोन्ही कामे करते. म्हणूनच थोर फलंदाज कोण हा वाद तिच्याजवळ येऊन अडतो. मान कळसाला द्यायचा की सातत्याला?

नुसत्या आकड्यावर विसंबले तर काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. विनोद कांबळीची कसोटी सरासरी 54.20 आणि सचिन तेंडुलकरची 53.78. पहिली 17 कसोट्यांची, दुसरी 200 कसोट्यांची. कांबळीने 1993 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लागोपाठच्या दोन कसोट्यांत 224 आणि 227 धावा केल्या. हा कळस खराच होता. पण 1995 नंतर तो एकही कसोटी खेळला नाही. सरासरी उंची सांगते, ती उंची किती काळ टिकली हे सांगत नाही. इथपर्यंत सातत्याची बाजू जड वाटते.

आता अर्धशतक मागे जाऊ. विजय मर्चंट यांची प्रथमश्रेणी सरासरी 71.64. दीर्घ कारकीर्द असलेल्यांत त्यांच्या पुढे फक्त ब्रॅडमन, 95.14. रणजी करंडकात तर मर्चंट यांची सरासरी 98.75 होती. सातत्याचा याहून मोठा पुरावा भारतात नाही. कसोट्या मात्र दहाच, त्याही सगळ्या इंग्लंडविरुद्ध, 1933 ते 1951 अशा अठरा वर्षांत विखुरलेल्या. 1936 च्या ऑगस्टपासून 1946 च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. त्या काळात मर्चंट चोविशीतून चौतिशीत गेले. फलंदाजाची भरात असण्याची ही वर्षे महायुद्धाने आणि वेळापत्रकाने गिळली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: त्या काळी मुंबईच्या खेळपट्ट्या फलंदाजांच्या मैत्रिणी होत्या, तिथल्या धावांचे काय एवढे? आक्षेप रास्त आहे. म्हणून 1946 चा इंग्लंड दौरा पाहावा. उन्हाळा पावसाळी, खेळपट्ट्या उघड्या आणि ओलसर. त्या दौऱ्यात मर्चंट यांनी 74.53 च्या सरासरीने 2385 धावा केल्या. खेळपट्टी बदलली, सरासरी जागची हलली नाही.

त्यांचे समकालीन विजय हजारे सांगलीचे. 1943-44 च्या पंचरंगी सामन्यांत या दोघांची चढाओढ ब्रेबोर्न स्टेडियमने पाहिली. हजारे यांनी 248 धावांचा विक्रम केला, अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद 250 करून तो मोडला आणि त्याच सामन्यात हजारे यांनी 'रेस्ट' संघाकडून 309 केल्या. फॉलोऑननंतर संघाच्या 387 पैकी 309. धाकटा भाऊ विवेक याच्याबरोबर 300 धावांची भागीदारी झाली, त्यात विवेकचा वाटा 21. तरीही रेस्ट संघ डावाने हरला. 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला पुन्हा तेच. समोर लिंडवॉल आणि मिलर, हजारे यांचे 116 आणि 145, कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे पहिले भारतीय, आणि भारताचा डावाने पराभव. त्यांच्या कळसांवर विजयाचा झेंडा क्वचितच दिसतो, म्हणून लोकांच्या बोलण्यात ते कमी येतात. आठवण धावांपेक्षा निकालाला चिकटते.

तिसरे नाव कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. 1948 च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमन यांचा 452 चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. मध्यंतरात काठियावाडच्या संघाने डाव घोषित करण्याचा आग्रह धरला, आणि ते होईना तेव्हा सामना सोडून देऊन घरचा रस्ता धरला. भारतीयाची प्रथमश्रेणीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकदाही मिळाली नाही. त्यांची एकूण प्रथमश्रेणी सरासरी 47.93, म्हणजे एका खेळीचे सोंग नव्हे, भरीव कारकीर्द. पण नाव निघते ते न झालेल्या नऊ धावांसाठी.

ही तीन माणसे शेजारी ठेवली की कळस विरुद्ध सातत्य हा प्रश्न जरा वेगळा दिसू लागतो. दोन्ही गुण फलंदाजाच्या मनगटात असतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कळस दिसायला प्रसंग लागतो आणि सातत्य सिद्ध व्हायला संधी लागते. या दोन्ही गोष्टी निवड समिती, युद्ध, आजार, प्रतिस्पर्ध्याचा रुसवा यांच्या हाती असतात. मर्चंट यांच्याजवळ सातत्य होते, पण ते दाखवायला जागतिक रंगमंच पुरेसा मिळाला नाही. हजारे यांना रंगमंच मिळाला, संघाचे बळ मिळाले नाही. निंबाळकरांना प्रसंग मिळाला, तोही अर्धवट. उलट, तेंडुलकरच्या 200 कसोट्यांत त्याची गुणवत्ता आहे, तसेच वर्षभर खेळणाऱ्या क्रिकेटचे वेळापत्रकही आहे. यामुळे त्याचे मोठेपण उणावत नाही. फक्त मर्चंट यांच्या दहा कसोट्यांशी तुलना करताना ते लक्षात ठेवावे लागते.

म्हणून तुलना करताना सरासरीच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात. या फलंदाजाला किती वेळा खेळायला मिळाले? आणि मिळाले तेव्हा त्याने काय केले? मर्चंट यांची शेवटची कसोटी 1951 च्या नोव्हेंबरात दिल्लीत झाली. मागची कसोटी खेळून पाच वर्षे लोटली होती, वय चाळीस. त्यांनी 154 धावा केल्या, तोवरची भारतीयाची कसोटीतली सर्वोच्च खेळी. दुसऱ्या टोकाला हजारे होते. दोघांनी 211 धावांची भागीदारी केली आणि त्याच डावात हजारे नाबाद 164 वर पोचले. विक्रम पुन्हा मित्राकडे गेला. त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि ते निवृत्त झाले.

दहा कसोट्या, सरासरी 47.72. हजारे यांची तीस कसोट्यांत 47.65. आकडे जवळजवळ सारखे, आयुष्ये मात्र एकमेकांपासून फार लांब.